शनिवारच्या वर्गातला एकटा बाप

माझ्या मुलीला मी पट्टीने मारलं होतं. ही गोष्ट आता इतक्या लोकांसमोर बोलून झाली आहे की लिहायला फारसं जड जात नाही. पहिल्यांदा बोललो तेव्हा मात्र समोर चौदा बायका बसल्या होत्या.

मुलगी तेव्हा तिसरीत होती. आम्ही विरारला सातव्या मजल्यावर राहतो. बायको नर्स आहे. तिच्या पाळ्या बदलत असतात, म्हणून मुलीचा अभ्यास घेणं माझ्याकडे. मी लिफ्ट दुरुस्त करतो. आमच्या भागात इतके टॉवर उभे राहिलेत की कामाला तोटा नाही. घरी यायला सात वाजतात. हाताचं ग्रीस दोनदा साबण लावून जेमतेम निघतं, आणि मग गणित.

मुलगी गणितात कच्ची नव्हती, ती घाबरत होती. हे आज कळतं. तेव्हा मला वाटायचं, ही मुद्दाम करते.

त्या रविवारी गणिताची वही सापडेना. ती म्हणाली, शाळेत राहिली. बायको ड्यूटीवर होती, म्हणून दुपारी भात लावायला मी तांदळाच्या डब्यात वाटी घातली, तर वाटीला काहीतरी लागलं. वही होती. शेवटच्या पानावर बाईंचा लाल शेरा आणि खाली ‘पालकांची सही’. मला शेऱ्याचा राग आला नाही, खोटं बोलल्याचा आला, असं पुढे बरेच दिवस मी स्वतःला सांगत होतो. पट्टी टेबलावरच पडली होती. मी तिच्या पोटरीवर दोनदा मारली. ती रडली नाही. भिंतीला पाठ लावून उभी राहिली आणि माझ्या हाताकडे बघत राहिली. मग मी भात लावला. आम्ही जेवलो. तिने ताट स्वच्छ केलं, एक शीतही ठेवलं नाही.

सोमवारी खेळाच्या तासाला बाईंना वळ दिसले. मंगळवारी मला शाळेतून फोन आला.

मुख्याध्यापिकांच्या खोलीत त्यांच्याशेजारी एक पन्नाशीची बाई बसली होती. सुती साडी, आणि पायात चक्क धावायचे बूट. आमच्याकडच्या शाळांमधून फिरून मुलांशी आणि पालकांशी बोलणाऱ्या एका छोट्या संस्थेत ती काम करायची. सगळे तिला ताई म्हणत. मी तयारीनेच गेलो होतो. कुणी ओरडलं की काय उत्तर द्यायचं, ते स्कूटरवर पाठ करून झालं होतं. माझ्या बापाने मला झोडलं म्हणून मी माणसात आलो, हे माझं मुख्य वाक्य होतं.

ताई ओरडलीच नाही. म्हणाली, “मी तुमच्या मुलीशी आधी बोलले. ती जे बोलली त्यातलं तुम्हाला काय सांगू, असं तिलाच विचारलं. एकच वाक्य सांगायची परवानगी आहे.”

“काय म्हणाली?”

“बाबा चांगला आहे, फक्त गणिताच्या वेळी बदलतो.”

माझं पाठ केलेलं वाक्य तोंडातच राहिलं. मी विचारलं, “म्हणजे मी आता गुन्हेगार का?”

“मुलाच्या अंगावर वळ उठवणं कायद्याला चालत नाही, हे तुम्हाला सांगणं माझं काम आहे. आज मी याची नोंद करणार आहे. पुन्हा झालं तर पुढचं माझ्या एकटीच्या हातात राहणार नाही, बाल संरक्षणवाल्यांना कळवावं लागेल. पण पुन्हा होऊच नये, यासाठी मला पगार मिळतो.” मग तिने पिशवीतून एक कागद काढला. “दर शनिवारी चार वाजता आमचा पालकवर्ग असतो. आठ शनिवार. याल?”

“आणि नाही आलो तर?”

“तर मी घरी येईन. चहा तुम्हाला करावा लागेल.”

घरी बायको दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिला वळ रविवारी संध्याकाळीच दिसायला हवे होते, पण मुलीने उकाडा असतानाही कारण काढून लांब पायजमा घातला होता. हे लपवणं बायकोला वहीच्या लपवण्यापेक्षा जास्त लागलं. तिसऱ्या दिवशी डबा हातात देताना ती एवढंच म्हणाली, “शनिवारी जायचंय. तूच जायचंस. मी तुझ्या जागी जाणार नाही.”

विरारहून अर्नाळ्याला जाणाऱ्या रस्त्यावर एक समाजमंदिर आहे, तिथे वर्ग भरायचा. मी दारात पोचलो तेव्हा आत सगळ्या बायका. गोल करून खुर्च्या मांडलेल्या, दोन-तीन तान्ही मुलं सतरंजीवर, कोपऱ्यात चहाचा थर्मास. मला बघून बोलणं थांबलं. एक जण म्हणाली, “दादा, पंखा तिकडचा बंद आहे, तो खिडकीजवळचा.”

अंगावर कंपनीचा निळा शर्ट होता. तिला वाटलं, मी पंखा दुरुस्त करायला आलोय. आणि मला इतकी लाज वाटत होती की मी खरंच स्टूल ओढून पंखा उघडला. कपॅसिटर गेला होता. तेवढ्यात ताई आली, म्हणाली, “अरे वा, आलात!” आणि मला स्टुलावरून उतरवून एका खुर्चीत बसवलं. मग जो हशा पिकला, तो मी अजून विसरलेलो नाही. पुढच्या शनिवारी मी कपॅसिटर घेऊन गेलो, तेव्हा कुठे तो पंखा फिरला.

माझ्या शेजारच्या खुर्चीत अर्नाळ्याची एक कोळीण बसली होती. साठीची असावी, हातात हिरव्या बांगड्या, आवाज असा की समुद्रावरून हाक मारली तर समोरच्या किल्ल्यात ऐकू जावी. तिची सून विरारला एका दुकानात कामाला जायची, मुलगा बोटीवर, आणि दोन वर्षांचा नातू हिच्याजवळ. बोंबील वाळत घालताना हे पोर सारखं पाण्याकडे धावायचं, म्हणून हिने त्याच्या कमरेला जाळ्याची दोरी बांधून ती खांबाला अडकवून ठेवली होती. अंगणवाडीच्या बाईने ते पाहिलं.

“दोरीनं बांधला म्हनून मला पकडली,” तिने मला सरळ सांगून टाकलं. “तू काय केलंस?”

“पट्टीने मारलं. मुलीला.”

“केवढी हाय?”

“आठ वर्षांची.”

तिने मला खालून वर बघितलं. “हं. बस. पानी पिनार?”

त्या दिवसापासून तिला मी मावशी म्हणू लागलो.

वर्गात भाषणं होतील, अशी माझी समजूत होती. भाषण एकही झालं नाही. पहिल्या दिवशी ताईने एकच प्रश्न सगळ्यांना विचारला, की मूल हट्ट करतं तेव्हा तुमच्या अंगात नेमकं कुठे काय होतं. एकीच्या कानशिलात ठणका लागायचा. एकीचे दात आवळले जायचे. माझी पाळी आली तेव्हा मी बराच वेळ विचार केला आणि म्हणालो, “मान गरम होते.” ते बोलेपर्यंत मला स्वतःलाच ते माहीत नव्हतं. ताई म्हणाली, “छान. म्हणजे मान गरम झाली की तुमच्याकडे थोडा वेळ असतो. हात उठायच्या आधीचा.”

आणि मग गृहपाठ. रोज पंधरा मिनिटं मुलाचं राज्य. मूल म्हणेल तो खेळ खेळायचा. शिकवायचं नाही, सुधारायचं नाही, प्रश्न विचारून परीक्षा घ्यायची नाही. मोबाईल दुसऱ्या खोलीत.

मला वाटलं, हे तर सोपं आहे.

पहिल्या दिवशी मुलगी माझ्याकडे संशयाने बघत होती. “अभ्यास नाही?”

“आधी पंधरा मिनिटं तुझी. तू सांगशील ते.”

तिने दुकान मांडलं. मी गिऱ्हाईक. मी दोन साबण मागितले. तिने वीस रुपये आणि पंधरा रुपये मिळून चाळीस सांगितले. मी म्हणालो, “नीट बघ, वीस आणि पंधरा...”

“बाबा, तू नापास,” ती म्हणाली आणि दुकान बंद केलं. मी घड्याळ पाहिलं. दोन मिनिटंही झाली नव्हती.

शनिवारी मी हे सांगितलं तेव्हा बायका खुर्च्यांवरून पडायच्या बाकी होत्या. पण प्रत्येकीची हीच गत झाली होती. एक जण नातीबरोबर भातुकली खेळताना तिला खरा कांदा कसा चिरायचा ते शिकवायला बसली होती. मावशीचा नातू तर खेळ म्हणून तिच्या तोंडात वाळू घालायला बघत होता. ताईने विचारलं, “मग तुम्ही काय केलंत?” मावशी म्हणाली, “राज्य त्याचं होतं ना! थोडी खाल्ली.”

तिसऱ्या आठवड्यात मुलगी शाळा-शाळा खेळायची म्हणाली. ती बाई, मी विद्यार्थी. मला पाट देऊन भिंतीशी बसवलं. चष्मा म्हणून तिने बायकोचा गॉगल लावला होता. तिने मला सातचा पाढा विचारला. मी मुद्दाम चुकलो.

“तुझी वही कुठंय?”

“हरवली, बाई.”

ती माझ्याजवळ येऊन बसली, गॉगल वर केला आणि आवाज बारीक केला. “खरं सांग. लपवलीस?”

“हो.”

“तुझे बाबा मारतात?”

मी विद्यार्थी होतो. राज्य तिचं होतं, नियमाप्रमाणे मला खेळाबाहेर बोलता येत नव्हतं. मी म्हणालो, “एकदा मारलं. खूप लागलं.”

“तांदळात नको लपवूस,” ती गंभीरपणे म्हणाली. “तिथे बाबा भात लावायला येतात. देवांच्या मागे ठेव. तिथे फक्त आई येते, आणि आई ओरडत नाही.”

मी हसलो, आणि हसताना डोळ्यात पाणी आलं. तिने लगेच पंधरा मिनिटं संपल्याचं जाहीर केलं. मी म्हणालो, “आता मी बाबा होऊ का?” ती म्हणाली, “हो.” मग मी तिला म्हणालो की मी मारलं ते चूक होतं. वही लपवल्याने नाही, माझ्याच्याने राग आवरला नाही म्हणून मी मारलं. ती थोडा वेळ गॉगलशी खेळत बसली आणि म्हणाली, “मला माहितेय. ताईने सांगितलं होतं.”

म्हणजे माझ्याआधी तिला सगळं कळलेलं होतं.

चौथ्या शनिवारी ताईने प्रत्येकाला विचारलं, की तुम्ही कामात कशात पटाईत आहात. मावशी म्हणाली, अंधारातसुद्धा हाताने चाचपून सांगेन कुठला बोंबील नीट वाळला. मी सांगितलं की लिफ्टमध्ये कुणी अडकलं की मलाच बोलावतात. कारण मला बोलायला जमतं. आतल्या माणसाचा जीव घाबरा झालेला असतो, काही जण दार लाथेने तोडायला बघतात. मी बाहेरून सावकाश बोलतो. घाबरू नका, मी आलोय, हवा आत येतेय, दहा मिनिटं लागतील, तुमचं नाव सांगा. एकदा एक आजोबा आतून मला अर्धा तास शिव्या देत होते, तरी माझा आवाज चढला नाही.

“अर्धा तास?” मावशीने विचारलं.

“हो.”

“मग घरी काय होतं तुला? पोरगी काय त्या म्हाताऱ्यापेक्षा वाईट शिव्या देते?”

सगळ्या हसल्या. ताई हसली नाही. ती म्हणाली, “हे जरा बोलूया. बाहेर तुम्हाला आधीच माहीत असतं की आतलं माणूस घाबरलेलं आहे. घरी तुम्ही काय समजता?”

मी म्हणालो, “घरी समजतो की ती माझं ऐकत नाही.”

त्या संध्याकाळी गणिताला बसताना मी पहिल्यांदा मुलीच्या वहीकडे न बघता तिच्या तोंडाकडे बघितलं. पेन्सिल धरलेल्या बोटांची नखं पांढरी पडली होती. मी माझ्या कामावरच्या आवाजात म्हणालो, “घाबरू नकोस. मी इथेच आहे. दहा मिनिटं लागतील.” तिने विचारलं, “कशाला?” मी म्हणालो, “बाहेर पडायला.” तिला काही कळलं नाही, पण ती हसली.

यानंतर सगळं सुरळीत झालं असं लिहिलं तर ते खोटं होईल. परीक्षा तोंडावर आली होती. एक दिवस तेच गणित पाचव्यांदा चुकलं, आणि माझी मान अशी तापली की मी खुर्ची सरकवून उठलो. मुलगी भिंतीकडे सरकली. मी गॅलरीत गेलो, दार लावून घेतलं आणि मावशीला फोन लावला. वर्गात ताईने सगळ्यांच्या जोड्या लावून दिल्या होत्या. मान तापली, दात आवळले, की जोडीदाराला फोन. माझी जोडी मावशीशी होती.

“हात कुठंय तुजा?” तिने पहिलं हेच विचारलं.

“गॅलरीच्या कठड्यावर.”

“खिशात घाल. दोन्ही.”

“मग फोन कसा धरू?”

“मंग येक घाल. आता सांग, घरात मच्छी काय आनली?”

मी म्हणालो, आज बांगडे. तिने विचारलं, कितीला घेतले, मग ज्याने दिले त्याला एक सणसणीत शिवी घातली, मग बांगड्याला कोकम टाकायचं की चिंच यावर आमचं चांगलंच वाजलं. मी कोकमवाला. बोलताना मान केव्हा निवली, मला कळलंच नाही. आत गेलो तर मुलीने ते गणित सोडवून ठेवलं होतं. बरोबर होतं की चूक, ते मी त्या दिवशी तपासलं नाही.

मावशीचंही एकीकडे चाललं होतं. दोरी सोडायची तर पोराला कुणी सांभाळायचं, हा तिचा प्रश्न खरा होता. ताईने तिला उपदेश केला नाही. ती धावायचे बूट घालून एक दिवस किनाऱ्यावर गेली आणि बोंबील वाळत घालणाऱ्या बायकांना विचारत फिरली, की कुणाची मुलं कुठे असतात. नऊ मुलं निघाली. कुणी मोठ्या बहिणीपाशी, कुणी टोपलीशेजारी, एक चक्क बोटीखाली सावलीत झोपवलेलं. त्या बायकांनीच मग ठरवलं, की रोज दोघींनी मुलं सांभाळायची, बाकीच्यांनी त्या दोघींचे बोंबील वाळत घालायचे. जाळी ठेवायच्या शेडचा एक कोपरा रिकामा झाला. अंगणवाडीच्या बाईने खेळणी आणि खाऊचं बघितलं. बायकोने तिच्या हॉस्पिटलमधल्या मैत्रिणींकडून मुलांचे जुने कपडे आणि चित्रांची पुस्तकं गोळा करून दिली. मी शेडला दोन दिवे आणि एक पंखा बसवला. पंख्याचं काम माझ्याकडे कायमचंच आलं होतं.

मावशीची पाळी मंगळवारी असायची. तिचा धाक असा, की मंगळवारी एकही मूल पाण्याकडे फिरकत नसे. पण दोरी तिने पुन्हा हातात घेतली नाही, हे मी स्वतः पाहिलं आहे.

आठ शनिवार संपले. शेवटच्या दिवशी सगळ्यांनी घरून काहीतरी करून आणलं होतं. मी भुईगावच्या आमच्या वाडीतली केळी घेऊन गेलो. ती आणायला आदल्या दिवशी वडिलांकडे गेलो होतो. वडिलांना आम्ही दादा म्हणतो. ते वाडीतच राहतात, शहाळी आणि मोगरा अजून स्वतः बघतात. मी कुठल्या वर्गाला जातो ते त्यांना सांगितलं नव्हतं. त्या दिवशी सांगितलं. ते घड कापत होते. कोयता खाली ठेवून त्यांनी विचारलं, “म्हणजे मी तुला मारायचो ते चुकलं माझं?”

लहानपणी झावळीच्या दांड्याने बसलेला मार मी कधी विसरलो नव्हतो, आणि दादांवरचं प्रेमही कधी कमी झालं नव्हतं. मी म्हणालो, “तुम्हाला कुणी दुसरं दाखवलं नव्हतं, दादा.”

त्यांनी हाताला लागलेला केळीचा चीक गवतावर पुसला. मग म्हणाले, “तू बारा वर्षांचा असताना विहिरीवरचा पंप बिघडवलास. त्या दिवशी मारलं ते जास्त झालं. आईने तुझ्या पाठीला हळद लावली, तेव्हा मी बाहेर ओट्यावर बसून होतो. आत यायचं होतं मला.”

एवढं बोलून त्यांनी घड माझ्या स्कूटरवर बांधला आणि, तुमच्या त्या बायकांना पुरणार नाही, म्हणून दुसराही कापला.

वर्ग संपला तरी ताईने मला सोडलं नाही. म्हणाली, “आया येतात, आज्या येतात, बाप येत नाहीत. आता तुम्ही सांगा कसं आणायचं.” मी मोठ्या उत्साहाने आमच्या सोसायटीत बापांची सभा ठेवली. सूचनाफलकावर लावलं, ग्रुपवर टाकलं. तिघे आले. त्यातला एक पार्किंगची तक्रार घेऊन आला होता, दुसऱ्याला बायकोने ढकललं होतं, आणि तिसरा वॉचमन, तो खुर्च्या परत न्यायला थांबला होता. आम्ही चौघांनी चहा प्यायला आणि पार्किंगवर बोललो.

मावशीला सांगितलं तर ती म्हणाली, “बाप्ये असे खुर्चीत बसून बोलनार हायेत का? त्यांच्या हाताला काम दे.”

जून-जुलैत मासेमारी बंद असते, बोटी किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या असतात आणि पुरुष शेडमध्ये बसून जाळी दुरुस्त करतात. मावशीने तिच्या मुलाला हुकूम सोडला, आणि एका रविवारी मी त्यांच्यात जाऊन बसलो. मला जाळं विणता येत नाही. त्यांनी मला सुतळी गुंडाळायला दिली, तीही मी गुंतवली. तासभर माझ्या चेष्टेतच गेला. मग मी सहज सांगितलं, की माझ्या मुलीने मला दुकानात नापास केलं. कुणीतरी विचारलं, कशात? मी सगळं सांगितलं. वही, पट्टी, वळ, सगळं. कुणी माझ्याकडे बघत नव्हतं, सगळ्यांची नजर आपापल्या हातातल्या जाळ्यावर होती, त्यामुळे मला बोलायला सोपं गेलं. थोड्या वेळाने मावशीचा मुलगा खाली बघतच म्हणाला, “मी समुद्रावरून येतो ना, तवा पोरगा मला बघून रडतो. आजीकडं पळतो. मला लय राग येतो.” शेजारचा म्हणाला, “माजा पन तसाच होता.” आणि बोलणं सुरू झालं. ताई आली नव्हती. तिने मुद्दाम सांगितलं होतं, मी नसलेलंच बरं.

त्या पावसाळ्यात आम्ही सहा रविवार बसलो. मावशीच्या मुलाने रोज पंधरा मिनिटं पोराच्या राज्यात घालवली. पहिले चार दिवस पोराने त्याला जवळही येऊ दिलं नाही. पाचव्या दिवशी त्याला घोडा केलं आणि शेडभर फिरवलं. सगळ्या बापांनी ते पाहिलं. त्याचे गुडघे सोलवटले होते, आणि तो ते सगळ्यांना दाखवत फिरत होता. आमच्या सोसायटीतही मग मी सभा बंद केली आणि कॅरम बोर्ड आणला. आता तिथे सात-आठ बाप जमतात. बरेचदा नुसता कॅरमच होतो. पण मधूनच कुणीतरी स्ट्रायकर हातात धरून थांबतो आणि काहीतरी बोलतो, तेव्हा बाकीचे त्याला घाई करत नाहीत.

ताई अजून शाळांमधून फिरते. तिचे बूट तेच आहेत की नवे, मला सांगता येत नाही. मधे तिला मी विचारलं, की त्या दिवशी शाळेत मी भांडलो असतो तर? ती म्हणाली, “अर्धे तरी भांडतात. भांडणारे बरे. जे लगेच हो-हो म्हणतात, त्यांच्याकडे मी दोनदा जाते.”

मुलगी आता पाचवीत आहे. गणितात तिला ठीक मार्क पडतात, फार नाहीत. गेल्या आठवड्यात तिला मैत्रिणींबरोबर रिक्षाने अर्नाळ्याला समुद्रावर जायचं होतं, सोबत कुणी मोठं माणूस न घेता. मी नाही म्हणालो. ती म्हणाली, का? मी कारण सांगितलं. ती म्हणाली, हे काही कारण नाही. माझा आवाज चढत नव्हता, तिचा मात्र चढत चालला होता. शेवटी ती हॉलच्या मधोमध उभी राहून, कमरेवर हात ठेवून, माझ्या डोळ्यांत बघून ओरडली, “बाबा, तू माझं काहीच ऐकत नाहीस! तू वाईट आहेस!” आणि खोलीत जाऊन तिने दार असं आपटलं की भिंतीवरचं कॅलेंडर खाली आलं.

बायको स्वयंपाकघरातून लाटणं घेऊन बाहेर आली. माझ्याकडे बघितलं, बंद दाराकडे बघितलं. मला वाटलं, ही आता मुलीला रागावणार. ती माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, “ऐकलंस? केवढ्याने ओरडली!”

“ऐकलं.”

“तुझ्यावर ओरडली,” बायको म्हणाली. तिला हसू आवरत नव्हतं, आणि मलाही. आम्ही दोघं तोंडावर हात धरून हसत उभे होतो, आणि आतून मुलगी विचारत होती, “हसताय काय? मी चिडलेय!”